दोन वर्षं राहिलेलं दर्शन

दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि माझ्या पोटाला कायमची पिशवी लागली. मळ तीतच जमा होतो. त्या दिवसापासून मी खुलताबादच्या मारुतीला गेले नाही. आधी माझा शनिवार सहसा चुकत नसे. पण हे असं अंगाशी घेऊन देवापुढं कसं उभं राहायचं, मनाला पटेना. श्रावणात आमच्या पुंडलिकनगरातल्या शेजारणी पायी खुलताबादला निघाल्या की मी दार लोटून घ्यायची. निजलेल्या मारुतीचा शेंदरी चेहरा डोळ्यांपुढं यायचा अन् जीव तुटायचा. घरात कुणाला बोलले नाही.

यंदा रक्ताच्या तपासणीत शंका आली. "रोग परत आलाय का, कुठं पसरलाय का, ते पेट स्कॅनमध्ये कळेल," डॉक्टर म्हणाले. शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. कर्करोगाच्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात आणि चित्रात उजळतात.

स्कॅनच्या सकाळी मी उपाशीपोटी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. आमचे यजमान फॉर्म भरायला गेलेले. शेजारी नऊवारीतली एक म्हातारी बाई होती. माझा हात सारखा पोटाकडं जातोय, हे तिनं पाहिलं.

"पिशवी हाय का?" तिनं हळूच विचारलं. "मला बी हाय. चार साल झाले."

ती खुलताबादची निघाली. मारुतीच्या वाटेवर पेरू विकायची. मला राहवलं नाही. "तुम्ही आत जाता? देवापुढं?"

"जाते की. पिशवी बदलायची, हात धुवायचे, अन् जायचं. पोट त्यानंच दिलंय ना, बाई? त्याला काय नवं हाय त्यात."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत एकटीनं पडून राहायचं असतं. बोलायचं नाही, हालचाल करायची नाही. रोग नको, एवढंच मागायचं ठरवून आले होते. डोळे मिटले आणि ते मागणं आलंच नाही. मला तुझ्याकडं यायचंय, एवढंच म्हणत राहिले. आसवं कानांत ओघळत होती.

रिपोर्ट आला, तेव्हा यकृतात एक गाठ उजळलेली दिसली. "एकच आहे. काढता येईल," डॉक्टर म्हणाले. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "शनिवारी मला खुलताबादला न्या." हे म्हणाले, "तू कधी म्हणतेस, याचीच वाट बघत होतो."

शनिवारी पेरूच्या टोपल्यांपाशी त्या बाईंची चौकशी केली. त्यांची सून भेटली. "सासूबाईला भरती केलंय," एवढंच बोलली. मी आत गेले. गाभाऱ्यापुढं हात जोडले ते त्या माउलीसाठी. माझ्यासाठी मागायचं राहूनच गेलं.

माझी गाठ काढली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन आहे. भीती गेली असं म्हणणार नाही. पण आधी शुद्ध व्हायचं आणि मग देवाकडं जायचं, ही अट माझीच होती, त्यानं कधी घातली नव्हती. आता मी जशी आहे तशी जाते. पुढचं त्याच्यावर सोडलंय.