चार कोपऱ्यांचा माल

लिंगराज आणि मी तीस वर्षं जोडीनं शहाबादी फरशी बसवली. आमच्या कमठाणा गावातल्या बुद्धविहाराच्या पायऱ्याही आमच्याच. ते काम आम्ही श्रमदानात केलं.

फरशीखाली माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, पूर्ण भरावा लागतो. घाईचा माणूस चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवतो. वरून फरक दिसत नाही. ठोकलं की पोकळ वाजते. हे मला लिंगराजनंच शिकवलं. पंचशीलही त्यानंच. रविवारी विहारात तो पुढं म्हणायचा, आम्ही त्याच्या मागं. कुणी नशीब, मागचा जन्म काढला की तो अडवायचा. "ते राहू दे. आज हातानं काय केलास ते सांग."

शेवटची पायरी त्यानं एकट्यानं बसवली. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. मी विचारलं, "अण्णा, माल पूर्ण भरलाय ना?"

"भरलाय की. आता माझी परीक्षा घ्यायलास व्हय?"

मी ठोकून पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी तीच पायरी माझ्या बायकोच्या, शोभाबाईच्या पायाखाली तुटली. तिचा खुबा मोडला. पंचशील सांगणाऱ्या लिंगराजवर कुणाला शंका येईना; आप्पारावचं काम कच्चं, असं माझ्या नावानं गावात झालं. मी तुकडे उचलले. खाली चार गोळे होते. मधे काही नव्हतं.

लिंगराज केळी घेऊन भेटायला आला. तो काय बोलतो याची मी वाट पाहत होतो.

"मागच्या जन्मीचं असतंय काहीतरी, वहिनी. भोगावं लागतंय."

शोभाबाई खाटेवरून म्हणाली, "व्हय भावजी. मागच्या जन्मी मी गवंडी असंन. कोपऱ्यालाच माल लावला असंन."

तो चहा न घेता उठला. मी दारापर्यंत गेलो. "रविवारी सगळ्यांसमोर सांग. दुसरं काही नको."

"सांगतो," तो म्हणाला.

रविवारी तो पुढं बसला. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणी..." आवाज नेहमीसारखाच खणखणीत. मी त्याच्या मागं म्हटलं नाही. पाचवंही झालं. सतरंजी गुंडाळताना कुणीतरी पायरीचं विचारलं.

"आप्पाराव नीट करून देईल की," लिंगराज म्हणाला.

सोमवारी मी जुना माल खरवडून काढला. नवी फरशी आणली. गुडघे आता वाकत नाहीत. पाय पसरून बसूनच काम केलं. दुपारी तो थापी घेऊन आला आणि घमेल्याला हात घातला.

"तू नको," मी म्हटलं.

"कामून?"

"तू बसवलेलं ठोकून बघावं लागंल."