आत्याचा सूर

चिकाचा वास आला की मला लिंबागणेशचा आमचा गोठा आठवतो. आत्या कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही, दिवसभर एकच सूर गुणगुणत डुलायची. एकदा नुकतीच व्यालेली शेळी आपल्याच करडाला ढुशा मारून हाकलत होती. "पाजीना, करडू जातंय आता," वडील म्हणाले. "तिला बोलवा," आजोबा म्हणाले. आत्या आली, करडू मांडीवर घेऊन शेळीजवळ तोच सूर गुणगुणत डुलत राहिली. हळूहळू शेळी थंडावली, जवळ आली, करडाला चाटायला लागली. मी थक्क होऊन विचारलं, "आत्या अशी काहून हाय?" "अशी म्हंजे कशी?" आजोबांना माझा प्रश्नच कळला नाही. काल डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या डुलण्याला आजाराचं नाव दिलं. घरी येऊन मी तिच्याशेजारी बसले आणि आत्याचा सूर धरला.