किल्ल्या हलवणारा बसाप्पा

खरं सांगते, बसाप्पाचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. मी डॉक्टर, तो आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. शिक्षण सातवी, गाव कर्नाटकच्या हद्दीला चिकटून, मिशा ह्या एवढ्या. तरी मार लागलेलं पोर माझ्याजवळ थयथयाट करतं आणि त्याच्यापुढं गपगार होतं. मग जळू नको तर काय करू?

त्याची रीत ठरलेली. पोराला हात लावायचा नाही. चार पावलांवर उकिडवं बसायचं, किल्ल्यांचा जुडगा हलवायचा आणि बघत राहायचं. पोर किल्लीकडं बघतंय का, हात पुढं करतंय का, श्वास कसा चाललाय. पुस्तकातही हेच आहे, आधी लांबून बघा म्हणून. मी ते पाठ केलं, त्याला ते न वाचता येतं. शेवटी एकदा बजावलंच त्याला, पेशंटजवळ यायचं नाही, आपली सीट सोडायची नाही. तो बरं म्हणाला.

त्याच आठवड्यात राजारामपुरीत शाळेची रिक्षा उलटली. एका पोराची हनुवटी फुटलेली, त्यानं बोंबलून सगळी गल्ली गोळा केलेली. दुसरी सई, सहा वर्षांची, अंगावर ओरखडासुद्धा नाही, गप्प बसलेली. "किती शहाणी गं तू," मी म्हणाले, दोघांना गाडीत घेतलं आणि हनुवटीला पट्टी बांधायला लागले.

बसाप्पानं सीटवरूनच मागं वळून किल्ल्या हलवल्या, लहान पोरींना मारायची त्याची कानडी हाक मारली. "ए पुट्टी, बघ की."

मग मला म्हणाला, "बाई, रागवा पायजे तर. पोरगी किल्लीकडं बघंना झालीया. शहाणी न्हाय ती, झोपाय लागलीया."

हाका मारल्या तर डोळे उघडेना. पापणी वर केली, एक बाहुली मोठी झालेली. डोक्याला आतून मार. ऑक्सिजन लावला, हॉस्पिटलला फोन केला, बसाप्पानं गाडी पळवली. तासाभरात ऑपरेशन झालं आणि पोरगी वाचली.

आठवड्यानं तिची आई पेढे घेऊन आली. वेळेत कळलं म्हणून पोर हाताला लागली, असं तिला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. कुणाच्या लक्षात आलं, तिनं विचारलं. बसाप्पा शेजारीच काच पुसत होता.

"माझ्या," मी म्हणाले.

ती वाकून माझ्या पाया पडली. बसाप्पा पुसतच राहिला. ती गेल्यावर मी पेढा पुढं केला, तो त्यानं खाल्ला.

"पोरगी जगली की, बाई," एवढंच म्हणाला, आणि हसला. मनापासून हसला. ह्या माणसाला एवढं पुरतं, म्हणून मी त्याच्यावर आणखीच जळले.