घरमालकीण आणि सरकारी निवारा

भुकूमच्या आमच्या घरमालकिणीइतकं कुत्र्यांना घालूनपाडून बोलणारं, आणि तरीही कुत्र्यांना हवंहवंसं वाटणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. बरीचशी जमीन विकल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यातल्या वरच्या खोलीत मी राहायचो. खालच्या खोल्या मात्र त्यांनी कधीच भाड्यानं दिल्या नाहीत. तिथं गाडीनं उडवलेली कुत्री, भाकड म्हणून सोडलेली एक गाय आणि शेजारच्या सोसायटीतलं आयटीवालं कुटुंब बदली होऊन गेल्यावर मागं राहिलेला एक झुपकेदार विलायती कुत्रा, अशी सगळी राहायची. त्याला त्या ‘मॅनेजर’ म्हणत. “आयटीतला हाय. त्याला भाकरी चालत न्हाई, इडली लागती,” असं सांगून त्याला रोज शिव्या देत आणि रोज इडल्या करत. खोली बघायला गेलो तेव्हा एका तीनपायी कुत्रीनं मला हुंगलं. “शेपूट हलवली न्हाई, पर गुरगुरलीबी न्हाई. ऱ्हावा,” एवढ्यावर आमचा करार झाला.

पुढं त्यांचे गुडघे दुखू लागले आणि प्रत्येक ग्रामसभेत त्यांनी एकच मागणी लावून धरली : सरकारी निधीतून जनावरांसाठी निवारा हवा. सरपंचांना त्या निधीतून स्वागत कमान हवी होती. “कमानीखाली जनावर चिरडलं, तर कमान त्याला पाणी पाजणार हाय का?” असं त्यांनी भर सभेत विचारलं. शेवटी गरज तपासायला एक अधिकारी येणार असं ठरलं. आता पंचाईत अशी, की गावातली सगळी बेवारशी जनावरं यांच्याच घरात. रस्ता अगदी मोकळा. सरपंचच म्हणाले, “आक्का, एक दिस सोडा त्यास्नी. सायबाला दिसाया नकोत?”

सकाळी त्यांनी फाटक उघडलं. “जावा. बेवारशी व्हा जरा.” कोणी हललं नाही. मॅनेजरला ढकलून बाहेर काढलं, तो मागच्या बाजूनं परत आला. अखेर भाकरीची टोपली घेऊन त्या स्वतः फाटकासमोरच पौड रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या आणि सगळा लवाजमा भोवती जमला. अधिकाऱ्यांची गाडी थांबली, तेवढ्यात समोरून एक डंपर आला. बाई सगळं ठरलेलं विसरल्या. एकेकाचं नाव घेऊन ओरडत त्यांनी सगळ्यांना फाटकाच्या आत पिटाळलं, आणि तीही शहाण्यासारखी आत गेली.

“मावशी, ही तर तुमची पाळलेली आहेत,” अधिकारी म्हणाले.

“माझी कुटली? ज्यांनी सोडली त्यांचीच हायेत. मी गेल्यावर ह्यांचं कोण हाय, तेवढं बघा.”

अधिकारी फाटकातून आत आले. चहा प्यायले, गाईनं चघळलेला आपला रुमाल तिलाच देऊन गेले, आणि काही महिन्यांनी निधी मंजूर झाला.

गावाबाहेर निवारा उभा राहिला. टेम्पो भरून जनावरं निघाली तेव्हा बाईंनी प्रत्येकाला नवी शिवी देऊन निरोप दिला. मग कधी नव्हे ते, गुडघे दाबत जिना चढून माझ्याकडे येऊन बसल्या.

“घर लई मोठं हाय. इतके दिस समजलंच न्हवतं,” म्हणाल्या.

मी चहा केला. त्यांनी बिस्किटाचा अर्धा तुकडा सवयीनं खाली धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग स्वतःच खाल्ला.