आसनगावच्या फलाटावरची नवरी

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी शहापूर ठाण्यात फौजदार होतो. भर दुपारी एक टांगेवाला धापा टाकत आत आला.

"सायब, सापगावास्नं एक बाई, एक बाप्या नि एक पोरगी आणून आसनगाव ठेसनावर सोडली. मुंबईची गाडी धरायचीय त्यांना. पोरगी वाटंत बोलली नाय, नुस्ती कापतेय."

आसनगाव स्टेशन गाठलं तेव्हा गाडीचा सिग्नल पडला होता. फलाटावरच्या त्या तिघांना स्टेशनमास्तरांच्या खोलीत घेतलं. गडी बेरका. म्हणाला, "लग्नाची बायको हाय माझी. ही माझी आत्या."

मुलींना फसवून धंद्याला लावणाऱ्यांविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा होता. पण नवराबायको म्हटल्यावर हात घालणार कसा? खरंच नवरा निघाला तर माझीच चौकशी. आणि नसला तर? गाडी सुटली की पोरगी कायमची गेली.

पोरगी सोळाएक वर्षांची, हातात नवाकोरा हिरवा चुडा. सहज विचारलं, "काय गो, नवऱ्याचं नाव काय?"

खाली मान घालून तिनं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव, सगळं घडाघडा सांगितलं.

आमच्याकडची नवी नवरी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेते होय? परक्यानं विचारलं तर तोंडाला पदर लावेल, दुसऱ्या बाईला सांगायला लावेल, पण मेली तरी उच्चारायची नाही. हे नाव तिच्याकडून घोकून घेतलेलं होतं, आणि तेही आम्हा पोलिसांसाठी!

गाडी त्यांच्याविना गेली. ठाण्यात दोघांना वेगवेगळं बसवलं. लग्न कुठं झालं? बाई म्हणाली मुरबाडात, गडी म्हणाला कल्याणात. मग मात्र बाई गळाठली आणि सगळं ओकली. लग्नाची थाप मारून टोकावड्याहून पोरीला आणलं होतं, मुंबईत विकायला. खरं बोललीस तर पोलीस तुझ्या आईला कोठडीत घालतील, असा पोरीला दम दिला होता.

दोघांना आत टाकलं. मला वाटलं, सुटली पोरगी. मोठ्या ऐटीत म्हणालो, "ऊठ पोरी, चल."

ती भिंतीला चिकटली. "आता तुमी कुठं नेताय मला?"

त्या दोघांना पुढे शिक्षा झाली, कायद्यानं आपलं काम केलं. पण भ्यालेल्या पोरीला न्यायला येणारा प्रत्येक माणूस सारखाच, वर्दीतला असला तरी, हे मला त्या दुपारी कळलं. मी तिला जागची हलवली नाही. माणूस धाडून टोकावड्याहून आईला आणवलं. आई दारात दिसली तेव्हा कुठं तिनं भिंत सोडली. त्यानंतर नोकरीभर अशा मुलीला मी कधी 'चल' म्हणालो नाही. आधी तिचं माणूस बोलावून घेतलं.