बावन्नाव्या वर्षी सायकलीवर त्र्यंबक

गेल्या वर्षीपर्यंत मला सायकल येत नव्हती. आमच्या नाशिकमध्ये रविवारी सकाळी एक रस्ता गाड्यांना बंद ठेवून तिथे बायकांना सायकल शिकवायला लागले, तेव्हा मी नुसती बघायला म्हणून गेले. दोन रविवार पडण्यात गेले. तिसऱ्या रविवारी, सरकारी कचेरीतली ही बावन्न वर्षांची कारकून, कुणी न धरता चौकापर्यंत जाऊन आली.

तिथेच कांबळेबाई भेटल्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय चौसष्ट. शिकल्या माझ्यानंतर, पण त्र्यंबकला जायचं त्यांनीच काढलं. जायचे अठ्ठावीस किलोमीटर, तेवढेच परत. नवरा म्हणाला, मागून गाडी घेऊन येतो. मी नको म्हटलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी उजाडताच निघालो. तुम्हीही लवकरच निघा, सातनंतर सातपूरला कंपन्यांच्या बसेस सुरू होतात. सायकलीला मागे लाल दिवा हवाच. सातपूर ओलांडून मिसळ खाल्ली. मी तीन पाव खाल्ले, तुम्ही खाऊ नका, पुढे चढ आहे.

महिरावणीला पेरू घ्यायला थांबलो. पेरूवाल्या बाईने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाशकाहून? बस चुकली का काय बाई?"

"चुकली नाही, सोडली," कांबळेबाई म्हणाल्या.

तिने दोन पेरू जास्तीचे दिले. तिच्या गावच्या पोरी शाळेला सायकलनंच जातात, पण बाया बसलेल्या लय दिवसांत पाहिल्या नाय, असं सांगत होती.

अंजनेरीच्या चढावर माझे पाय संपले. शेजारून ट्रक गेला की हँडल थरथरायचं. खाली उतरले आणि नवऱ्याला बोलवायला फोन काढला. कांबळेबाईंनी मला थांबवलं नाही. स्वतः उतरल्या आणि सायकल हाताने ढकलायला लागल्या. जरा पुढे जाऊन मागे वळून म्हणाल्या, "ढकलत नेली तरी आपणच नेली ना?"

मी फोन पिशवीत टाकला.

साडेदहाला त्र्यंबकमध्ये शिरलो. समोर ब्रह्मगिरी, आणि पार्किंगसाठी गाड्यांची ही लांब रांग. त्या रांगेच्या कडेने आम्ही दोघी सरळ पुढे गेलो. एका गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून हात जोडले. देवळाआधीच माझे डोळे भरून आले. येताना उतार होता, तो कसा संपला कळलंही नाही.

घरी आल्यावर दोन दिवस गुडघे बोलत होते. तरी सोमवारी मी कचेरीत सायकलनेच गेले. लावायला जागा नव्हती, म्हणून साहेबांकडे अर्ज केला. ते म्हणाले, एका सायकलीसाठी स्टँड कसं करणार? मी म्हटलं, लोक येतील. आधी आवक-जावकवाली सुरेखा यायला लागली, मग शिपाईकाका, मग आणखी दोघं. गेल्या आठवड्यात जिन्याखाली लोखंडी स्टँड बसलं. आज मला पोचायला उशीर झाला, तर त्यात जागाच उरली नव्हती. इतका आनंद मला त्र्यंबकलाही झाला नव्हता.