तारणासमोरची कोरी जागा

आईचा फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर एका धाब्यासमोर पत्रकं वाटत उभी होते. आई म्हणाली, "कमल, तुझा पाष्टर वारला." मी चिडून विचारलं, "माझा काहून?" तर म्हणे, "रोज उठून त्याच्याशी भांडायला तूच जायचीस. मंग कुणाचा?" याला आता दीड महिना झाला.

दानियल त्यांचं नाव. नगरकडचे, ख्रिस्ती धर्मोपदेशक, जेमतेम चौतिशीचे. बायको रूथ नर्सिंग शिकलेली. तीन वर्षांपूर्वी दोघं औंढ्याच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत आले आणि शाळेमागची पत्र्याची खोली भाड्याने घेतली. आमची वाडी आंध आदिवासींची. पावसाळ्यात एसटी येत नाही. मी हिंगोलीला कॉलेजात असल्यापासून जमिनीच्या चळवळीत आहे. स्पष्टच लिहिते : त्यांनी धर्म सांगायला आमच्याकडे यायला नको होतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. जो उठतो तो आम्हालाच सुधारायला का येतो? आम्हाला देव नाही असं यांना कुणी सांगितलं? हे मी पहिल्याच भेटीत तोंडावर विचारलं. ते विळीवर भेंडी चिरत बसले होते. "विचारा ताई, अजून विचारा," म्हणाले आणि चहाचं आधण ठेवलं. न रागावणाऱ्या माणसांचा मला जास्त राग येतो.

पहिल्याच महिन्यात त्यांनी पारावर लोकांना जमवून सांगितलं, "मी तुमच्या तारणासाठी आलो आहे." त्यांच्या चर्चच्या मराठीत तारण म्हणजे देवाने माणसाला पापातून वाचवणं. वाडीला ठाऊक असलेलं तारण एकच, कर्जापोटी अडकलेली जमीन. म्हातारे एकेक करून उठले. आईने दानियलना विचारलं, "कोणचा गट नंबर पाह्यजे तुला?" त्यांना काही कळेना. वाडी आठवडाभर हसत होती, पण घराघरातले सातबारे पेटीच्या तळाशी गेले.

मला दोन्ही अर्थ माहीत होते. वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी ख्रिस्ती होती, तिच्या प्रार्थनेत तो शब्द रोज ऐकलेला. तरी त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं : 'तारण घ्याल, तर जमीन जाईल!' ओळ जमून आली होती. पत्रकं लिहिणाऱ्यांना कळेल, अशी ओळ हातची सोडवत नाही. खाली आदिवासींच्या जमिनीचा कायदा दिला होता, तो खरा होता. वरची ओळ खोटी होती.

ते पत्रक घेऊन दानियल माझ्याकडे आले. मी भांडायच्या तयारीत. त्यांनी पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल काढली. "माझं चुकलं. हा शब्द इथे चालणार नाही. मग कोणता वापरू?" मी म्हटलं, "तुमचा माल, तुम्हीच नाव शोधा." ते हसले... पुढे त्या वहीत आमची बोली उतरवणं हाच त्यांचा उद्योग झाला. आईच्या ओट्यावर बसून शब्द विचारायचे, रूथ तिथेच लेकरांच्या खरजेला मलम लावायची. बाप्तिस्मा वाडीत एकानेही घेतला नाही. आई म्हणायची, "शिकवायला आला, अन् आपलंच शिकून राहिला." तो एक शब्द त्यांनी मला पुन्हा एकदा विचारला. मी पुन्हा टोलवलं.

शेवटचे भेटले ते हिंगोलीच्या बसस्टँडवर. डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ आहे, नांदेडला दाखवायला चाललोय, म्हणाले. मग जरा थांबून, "ताई, ते पत्रक अजून फिरतंय. तेवढी एक ओळ दुरुस्त कराल?" मी म्हटलं, पुढच्या पत्रकात करते. पुढचं पत्रक वनहक्काचं निघालं, त्यात जागा नव्हती. जागा नव्हती हेही खोटंच... जागा केली नाही.

ते नांदेडला गेले, तिथेच संपले. आपल्याला वाडीतच माती द्यावी, असं ते रूथला सांगून गेले होते. मी नाक्यावरून पोचले तेव्हा त्यांना घेऊन आलेली गाडी शाळेपाशी उभी होती आणि पारावर बैठक भरली होती. रूथ रडत नव्हती. ओढ्याकाठची चार हात जागा द्या, एवढंच तिने विचारलं. आमच्यातही कितीजणांना मातीच देतात, लोक जवळजवळ तयार होते. तेवढ्यात माझा चुलतभाऊ उठला. खिशातून घडीवर फाटलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. माझाच कागद. वर म्हणाला, ह्यांचं माणूस मातीत गेलं की माती ह्यांची झाली. मी उभी राहिले. म्हणाले, "ती ओळ खोटी आहे. मीच लिहिली, मला माहीत आहे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "छापेल हाय ना हे? मंग आता काहून पलटतीस?"

कुणी हसलं नाही. मी सगळ्यांना समजावत राहिले, एकेकाचा हात धरून. लोक खाली बघत घरी गेले. गाडी तशीच नगरच्या वाटेला लागली. तीन वर्षं मी त्या माणसाला वाडीतून घालवायला बघत होते. गेला शेवटी, माझ्याच ओळीने.

मागच्या आठवड्यात रूथ खोली रिकामी करून गेली. वही माझ्यासाठी आईकडे ठेवली होती. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आमचे. 'का' समोर 'काहून', 'मूल' समोर 'लेकरू', सगळ्या ओळी भरलेल्या. फक्त 'तारण' समोर जागा कोरी, आणि कडेला बारीक अक्षरात : 'कमलताईंना विचारणे.'

शेंगा फोडता फोडता आईने विचारलं, काय लिहिलंय? तेव्हा मी तिला पहिल्यांदा सांगितलं, त्यांना त्या शब्दातून काय म्हणायचं होतं. अडकलेल्याला देव मोकळं करतो, असं काहीतरी.

"मंग सुटका म्हन की," आई म्हणाली. "त्यात काय एवढं?"

पेन्सिल वहीतच अडकवलेली आहे. मी अजून लिहिलेलं नाही.